जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात आपली उपासनागीतं कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुने इंग्रजी चित्रपट बघताना मधेच पार्श्वसंगीतात चर्चमध्ये गायलेली चाल ऐकू येते. घरचे म्हणतात, तुला भास होतो. खरंच तसं काही असतं का, असेल तर नेमकं गीत कसं शोधायचं, आणि संगीतकारांनी ते तिथे का घातलं? सोबत तुम्ही एक प्रसंगही सांगितला आहे. काउबॉयचा कृष्णधवल चित्रपट, धुळीनं भरलेलं गाव, टोप्या घातलेल्या करड्या चेहऱ्याच्या बायका एका तरुणीला गावाबाहेर काढायला घोडागाडीपर्यंत नेतात, आणि मागे जी धून वाजते ती तुमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी पेटीवर वाजते.

भास मुळीच नाही. तो चित्रपट जॉन फोर्ड यांचा १९३९ सालचा 'स्टेजकोच', आणि ती चाल 'शॅल वी गॅदर ॲट द रिव्हर' या गीताची. रॉबर्ट लाउरी हे ब्रुकलिनचे बॅप्टिस्ट पाळक. त्यांनी १८६४ साली या गीताचे शब्दही लिहिले आणि चालही बांधली. बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाच्या राजासनापासून निघणारी जीवनाच्या पाण्याची नदी आहे. त्या नदीच्या काठी आपण सगळे जमणार ना, असं हे गीत विचारतं, आणि धृपदात सगळी मंडळी 'हो, जमणार' म्हणून उत्तर देते.

आता तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गावातल्या सभ्य बायकांची समिती डॅलस नावाच्या तरुणीला आणि दारुड्या डॉक्टरला हाकलून देते आहे, आणि वाद्यं वाजवताहेत 'आपण सगळे जमणार ना?' तिथे कुणी शब्द गात नाही. पण १९३९ सालच्या अमेरिकन प्रेक्षकाला ते लहानपणापासून पाठ होते. वाद्यवृंदाने फक्त सूर सोडले, शब्द प्रेक्षकाच्या मनात आपोआप आले, आणि त्या बायकांच्या धार्मिकपणाचा निकाल तिथल्या तिथे लागला.

मी पुण्यातल्या एका मराठी मंडळीत बरीच वर्षं ऑर्गन वाजवतो आणि क्वायरला गीताचे चार भाग (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) शिकवतो. जुन्या चित्रपटांचं संगीत हा दुसरा नाद. या दोन्ही बाजूंनी ऐकल्यावर मला ठामपणे वाटतं, की चाल ओळखली म्हणजे काम निम्मंच झालं. खरी गंमत पुढे असते: त्या चालीवरचे न गायलेले शब्द आठवायचे आणि पडद्यावरच्या चित्राशेजारी ठेवायचे. दिग्दर्शकाला जे संवादात म्हणायचं नव्हतं ते बहुधा तिथे सापडतं.

चित्रपटाच्या संगीतात उपासनागीतं घालायची ही सवय मूकपटांपासूनची आहे. तेव्हा थिएटरात पियानोवर किंवा ऑर्गनवर माणूस बसलेला असे, आणि पडद्यावर जे दिसेल त्याला साजेसं वाजवत जाई. यातले अनेक जण रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवणारे. मरण, लग्न, आईची प्रार्थना, वादळात सापडलेलं जहाज असं काही पडद्यावर आलं की हात आपसूक ओळखीच्या गीताकडे वळत. अशा वादकांसाठी प्रसंगानुसार तयार धुनांची पुस्तकंही छापली जात; एर्नो रापे यांचं १९२४ सालचं पुस्तक त्यातलं सर्वांत गाजलेलं. आणखी एक साधं व्यावहारिक कारण होतं. ही गीतं जुनी, त्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नव्हता, त्यामुळे पैसे मोजावे लागत नसत. बोलपट आले तरी सवय तशीच राहिली, कारण प्रेक्षक तेच होते आणि संगीतकारांची घडणही तीच.

आता ओळखायचं कसं. पहिली गोष्ट: सुरांच्या मागे लागण्याआधी लय धरा. क्वायरच्या सरावात मी कधी कधी मुलांना एखादं रोजचं गीत मुद्दाम कोमल गंधार-धैवत लावून, रडव्या स्वरात वाजवून दाखवतो. ती बघत राहतात, ओळखत नाहीत. मग तीच ओळ फक्त टाळ्यांनी वाजवतो, सूर नाहीतच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टाळीला कुणीतरी गीताचं नाव घेतं. संगीतकार चालीचं रूप बदलतो तेव्हा बहुधा स्वर आणि साथीचे सूर बदलतो. शब्दांमधून आलेला ठेका त्याला सहसा मोडता येत नाही, कारण तो मोडला तर ओळखच पुसली जाते. अपवाद म्हणजे चाल फार संथ केलेली असते तेव्हा. घोडे दौडताहेत, व्हायोलिनं धावताहेत, आणि त्याखाली पितळी वाद्यांवर लांबच लांब स्वर चाललेले आहेत, असं ऐकू आलं की ते लांब स्वर वेचून मनात चौपट वेगाने म्हणून बघा.

दुसरी गोष्ट: ओळी मोजा. उपासनागीत मंडळीने एकत्र गायचं असतं, म्हणून त्याची बांधणी ठोकळेबाज असते: चार ओळी, प्रत्येक ओळीनंतर श्वास, प्रत्येक ओळीत ठरलेली अक्षरं. आठ-सहा-आठ-सहा हे सर्वांत नेहमीचं माप. चारही ओळी आठ-आठ हे दुसरं. 'अबाइड विथ मी' दहा-दहाच्या चार ओळींचं आहे. पार्श्वसंगीतातली धून चार समान तुकड्यांत पडते का आणि प्रत्येक तुकड्याअखेर थांबते का, ते बघा. पडत नसेल, नुसतीच ऑर्गनच्या आवाजात तरंगत असेल, तर संगीतकाराने 'चर्चसारखं' काहीतरी नवीन रचलेलं असण्याची शक्यता जास्त. असं बनवलेलं चर्चसंगीत जुन्या चित्रपटांत भरपूर आहे, आणि शेवटी मध्यमावरून षड्जावर उतरणारे 'आमेन'चे दोन स्वरसंच लावले की भलेभले फसतात.

तिसरी गोष्ट: पहिल्या ओळीचे स्वर सरगममध्ये लिहून काढा. मूळ पट्टी कोणती याला महत्त्व नाही. सा पकडा आणि बाकीचे त्याच्या नात्याने लिहा. 'अबाइड विथ मी' ग ग रे सा प, ध प प म ग असं सुरू होतं. ही चाल चर्चचं तोंड न पाहिलेल्या लाखो भारतीयांनाही ठाऊक आहे, कारण दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ती वर्षानुवर्षं वाजत असे. २०२२ साली ती वगळली गेली. 'अ ब्रिज टू फार' या १९७७ सालच्या युद्धपटाच्या शेवटी जखमी सैनिक हेच गीत गातात. 'अमेझिंग ग्रेस' खालच्या प वरून उठतं: प सा, ग-सा ग रे, सा, मग खालचे ध प. म आणि नि नाहीतच, सरळ भूपाचे पाच स्वर. आपल्या कानाला हे गीत इतकं जवळचं का वाटतं याचं उत्तर बरंचसं इथे आहे. पण फसायची जागाही हीच. एकोणिसाव्या शतकातली कितीतरी अमेरिकन गीतं आणि लोकगीतं याच पाच स्वरांत फिरतात, म्हणून नुसता भूप ऐकू आला म्हणजे गीत सापडलं असं धरू नका. स्वर, ठेका आणि ओळींचं माप, तिन्ही जुळले तरच हो म्हणा.

स्वर लिहून झाले की शोधणं सोपं आहे. हिम्नरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर पहिल्या ओळीचे स्वर देऊन चाल शोधता येते. घरात जुनं चार भागांचं इंग्रजी गीतपुस्तक असेल तर त्याच्या मागे मापांप्रमाणे चालींची सूची असते. तीही कामाला येते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर मात्र विसंबू नका. तिथे फक्त संगीतकाराचं नाव असतं, मधे वापरलेली गीतं बहुतेकदा लिहिलेलीच नसतात.

चालीला स्वतःचं नाव असतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. शब्दांचं नाव वेगळं, चालीचं वेगळं. लाउरींच्या नदीच्या गीताची चाल 'हॅन्सन प्लेस', म्हणजे ते ज्या चर्चचे पाळक होते त्याचं नाव. 'अमेझिंग ग्रेस'ची 'न्यू ब्रिटन'. 'अबाइड विथ मी'ची 'इव्हनटाइड'. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की एकच गीत वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या चालींवर गातात, आणि चित्रपटात कोणती चाल आहे त्यावरून चित्रपट कुणासाठी बनवला ते कळतं.

'निअरर, माय गॉड, टू दी' हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. शब्द सारा फ्लावर ॲडम्स या इंग्रज बाईंचे, १८४१ सालचे. अमेरिकेत हे गीत लोवेल मेसन यांच्या 'बेथनी' या १८५६ सालच्या चालीवर गातात: ग रे सा सा, मग खालचे ध ध, प सा ग रे. इंग्लंडमध्ये 'हॉर्बरी' ही जॉन बॅकस डाइक्स यांची चाल जास्त चालते, आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळींत आर्थर सलिव्हन यांची 'प्रोपिअर डेओ'. टायटॅनिक बुडताना बँडने हे गीत वाजवलं, अशी आठवण वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितली. बँडप्रमुख वॉलेस हार्टली इंग्रज आणि मेथडिस्ट. जहाजावरचा तारायंत्रवाला हॅरल्ड ब्राइड याने तर 'ऑटम' असं वेगळंच नाव दिलं होतं. आता चित्रपट बघा. १९५३ सालच्या हॉलिवूडच्या 'टायटॅनिक'मध्ये चाल आहे बेथनी. १९५८ साली ब्रिटनमध्ये बनलेल्या 'अ नाइट टू रिमेंबर'मध्ये हॉर्बरी. १९९७ सालच्या जेम्स कॅमेरॉन यांच्या चित्रपटात पुन्हा बेथनी. जहाज एकच, बुडण्याची रात्र एकच, आणि चाल प्रत्येक वेळी प्रेक्षकाच्या चर्चमधली. संगीतकाराला इतिहासाशी इमान राखण्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं, की प्रेक्षकाला गीत पहिल्या दोन स्वरांत कळलं पाहिजे. मला यात काही चूक वाटत नाही.

आणि इथेच आपल्या मराठी कानांचा प्रश्न येतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं आणि १८३१ साली अहमदनगरला पोहोचलं. हे मिशन बॉस्टनहून चालवलेलं, आणि बेथनीचे लोवेल मेसनही त्याच बॉस्टनच्या संगीतविश्वातले. त्यामुळे नगर, सोलापूर या बाजूच्या मंडळींत वाढलेल्या माणसाला अमेरिकन काउबॉयपटांतली गीतं आपोआप ओळखीची वाटतात. दोघांचं गीतपुस्तक एकाच झाडाचं. पुण्या-मुंबईच्या जुन्या अँग्लिकन चर्चशी ज्यांचं नातं आहे त्यांना ब्रिटिश चित्रपटांत जास्त सापडेल. उदाहरणार्थ 'मिसेस मिनिव्हर', १९४२ सालचा. चित्रपट हॉलिवूडचा, पण गोष्ट इंग्रज खेड्याची. बॉम्बने छत उडालेल्या चर्चमध्ये मंडळी 'ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स' गाते, तीही सलिव्हन यांचीच चाल, सुरुवातीला पंचमावर ठाण मांडून कूच करणारी. वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातल्या ज्येष्ठांचा कान आणखी वेगळा. त्यांच्याकडे पुढे येतो. तेव्हा तुमच्या घरी कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही, यात आश्चर्य काही नाही. ज्याच्या कानावर जे पुस्तक पडलं, त्याला ते सापडतं.

फोर्ड यांच्याकडे थोडं परत जाऊ या, कारण या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारा दुसरा कुणी नाही. ते स्वतः आयरिश वंशाचे कॅथलिक. लाउरींचं गीत त्यांच्या चर्चचं नव्हे. तरीही त्यांनी ते चित्रपटामागून चित्रपटात वापरलं, आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने. १९४६ सालच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये रविवारची सकाळ आहे. टूमस्टोन गावात चर्च बांधायला घेतलंय, अजून नुसता सांगाडा उभा आहे. वायट अर्प आणि क्लेमेंटाइन हातात हात घालून तिकडे चालत निघतात आणि लांबून हे गीत येतं. इथे त्याचा अर्थ अगदी सरळ आहे: माणसं खरंच जमताहेत, गाव वसतंय.

दहा वर्षांनंतरच्या 'द सर्चर्स'मध्ये तेच गीत दफनाच्या वेळी आहे. कुटुंब मारलं गेलंय, टेकडीवर थोडी माणसं उभी राहून गाताहेत. जॉन वेनचा ईथन मधेच सगळ्यांना तोडतो: आमेन म्हणा आणि आटपा, प्रार्थनेला आता वेळ नाही. ऐकताना एक गोष्ट टिपा. गीत संपत नाही, ते कापलं जातं. ज्याने हे गीत आयुष्यभर पूर्ण गायलेलं आहे त्याला तो तुटका शेवट अंगावर येतो. सूडाचा प्रवास सुरू झाला हे त्याला संवादाआधी कानाने कळतं. पुढे लग्नाच्या प्रसंगात हीच चाल पुन्हा येते, आणि ते लग्नही धड पार पडत नाही. एका चित्रपटात एका गीताचा इतका विचारपूर्वक वापर मी दुसरीकडे क्वचितच ऐकला आहे.

सॅम पेकिनपा यांनी १९६९ साली 'द वाइल्ड बंच'मध्ये याच गीताला शेवटचा धक्का दिला. दारूबंदीवाल्यांची मिरवणूक हे गीत गात भर रस्त्यातून चालली आहे, आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू होतो. फोर्ड यांचे चित्रपट पाहून मग हा प्रसंग बघा. नुसता हिंसक वाटणार नाही. तीस वर्षं चाललेल्या एका संभाषणाला दिलेलं उत्तर वाटेल.

मला मात्र सर्वांत जास्त हलवून टाकतो तो 'द नाइट ऑफ द हंटर', १९५५ सालचा, नट चार्ल्स लॉटन यांनी दिग्दर्शित केलेला. संगीत वॉल्टर शूमन यांचं. रॉबर्ट मिचम यात हॅरी पॉवेल नावाचा भोंदू उपदेशक आहे; विधवांशी लग्न करून त्यांचा खून करणारा. तो सतत एक गीत गुणगुणतो: 'लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स'. हे गीत १८८७ सालचं, अँथनी शोवॉल्टर आणि इलायशा हॉफमन यांचं. शोवॉल्टर यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या बायका वारल्या होत्या. त्यांना सांत्वनाची पत्रं लिहिताना बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं ३३:२७ हे वचन आठवलं, 'तुझ्याखाली सनातन बाहू आहेत', आणि त्यातून धृपद सुचलं. विधुरांच्या सांत्वनासाठी जन्मलेलं गीत विधवांच्या खुन्याच्या तोंडी आलंय.

पण मुख्य गोष्ट त्या रात्रीच्या प्रसंगात आहे. पोरक्या मुलांना आसरा देणारी म्हातारी रेचल कूपर, म्हणजे लिलियन गिश, मांडीवर बंदूक घेऊन खुर्चीत बसली आहे. बाहेर अंगणात पॉवेल बसून गातोय. आणि ती आतून त्याच्या सुरात सूर मिसळते. प्रेक्षक चक्रावतो: खुनी आणि राखणदार एकत्र गाताहेत! तुम्ही हे गीत चार भागांत गायलं असेल तर तुम्हाला यातलं मर्म लगेच कळेल. धृपदात वरचा भाग 'लीनिंग' म्हणून लांब स्वर धरतो आणि मधल्या जागेत खालचे आवाज 'लीनिंग ऑन जीझस' असं भरतात. पॉवेल पहिल्यापासून फक्त वरचा भाग गातोय. टेकलोय, टेकलोय; पण कुणावर, ते नाव त्याच्या तोंडून येत नाही. म्हातारी गाते ते 'लीन ऑन जीझस'. ज्या जागा तो मोकळ्या सोडतो तिथे ती ते नाव ठेवते. दोघं एकच गीत गात असले तरी विश्वास एकीकडेच आहे, आणि हे सांगायला लॉटन यांनी एकही संवाद खर्च केलेला नाही. आमच्या क्वायरमधल्या टेनर-बासवाल्यांना मी हा प्रसंग आवर्जून दाखवतो. आपला भाग म्हणजे नुसती भरती आहे असं त्यांच्यातल्या काहींना वाटत असतं. हा प्रसंग पाहिल्यावर ते पुन्हा तसं म्हणत नाहीत.

दोन जागी सावध राहा. पहिली जागा 'कॅसाब्लांका', १९४२. त्यात जर्मन अधिकारी आले की मॅक्स स्टाइनर यांच्या संगीतात एक धमकीवजा, कोमल स्वरांत गेलेली धून डोकावते. चर्चमध्ये वाढलेला माणूस म्हणतो, अरे, हे तर 'ग्लोरियस थिंग्ज ऑफ दी आर स्पोकन'! चाल तीच आहे, हे खरं. हायडन यांनी १७९७ साली ती ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी रचली, गीतपुस्तकांत ती 'ऑस्ट्रिया' या नावाने आली, आणि जर्मनीने तिच्यावर आपलं राष्ट्रगीत बसवलं. स्टाइनर यांना इथे जर्मनी हवाय, त्या उपासनागीतातलं सियोन नगर नकोय. चाल जुळली तरी त्या प्रेक्षकाच्या मनात कोणते शब्द येतील, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दुसरी जागा 'हाय नून', १९५२. मदत मागायला मार्शल चर्चमध्ये जातो तिथे मंडळी 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक' गाते. जूलिया वॉर्ड हाउ यांचे शब्द अमेरिकन यादवी युद्धातले, आणि ज्या कूचगीतावर ते बसवले त्याची चाल त्याआधी धार्मिक मेळाव्यांत गायली जाई. मेळाव्यातून छावणीत, छावणीतून पुन्हा चर्चमध्ये. अशा चालींना 'हे मूळचं चर्चचं' किंवा 'हे मूळचं बाहेरचं' असं लेबल लावण्यात अर्थ नसतो. प्रसंगात मात्र तिचा उपयोग अगदी स्वच्छ आहे: लढाईचं गीत गाणारी मंडळी लढायला एकही माणूस देत नाही.

आता वसई-गोव्याच्या ज्येष्ठांचा कान. त्यांच्या लहानपणी दफनाची मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि तीत 'दिएस इरे', म्हणजे क्रोधाचा दिवस, हे मध्ययुगीन गीत गायलं जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत ते दफनविधीतून गेलं, त्यामुळे पुढच्या पिढीने ते चर्चमध्ये ऐकलेलंच नाही. पण चित्रपटांनी ते सोडलं नाही. पहिले चार स्वर ध्यानात ठेवा: कोमल ग, रे, कोमल ग, सा. एवढंच. १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'साठी गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी ते घेतलं, इंगमार बर्गमन यांच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये अंगावर फटके मारून घेणाऱ्यांची मिरवणूक ते गाते, आणि 'द शायनिंग'च्या सुरुवातीला डोंगरातून गाडी चालली असताना जो खोल आवाज येतो तोही हाच. चार स्वरांत मरण येतंय हे सांगता येतं, म्हणून संगीतकारांना ते इतकं सोयीचं पडलं. मात्र चार स्वर योगायोगानेही जुळू शकतात. पुढचे रे, कोमल नि, सा, सा हेही आले तरच खात्रीने म्हणा.

तुम्ही जाता जाता विचारलंय, की हिंदी चित्रपटांतही असं सापडतं का. तिथे शोध वेगळा करावा लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या गावशाळांत मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. त्या मुलांपैकी कितीतरी जण मुंबईच्या स्टुडिओंत वादक आणि अरेंजर झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, ही त्यातली मोठी नावं. मुख्य चाल संगीतकाराची, पण मागे व्हायोलिनांची वेगळी ओळ कशी चालेल, कोरसचा 'आ' किती भागांत फुटेल, हे या मंडळींनी ठरवलं. माझ्या मते त्या मांडणीत चर्चच्या चार भागांची शिस्त उघड ऐकू येते. तेव्हा तिथे अमुक एक गीत शोधण्यापेक्षा मुखड्यामागच्या व्हायोलिनांकडे कान लावा, आल्टो आणि टेनर वेगळे काढता येतात का बघा.

शेवटी एक चित्रपट आवर्जून सुचवतो, तुमच्या घरी सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा: 'द आफ्रिकन क्वीन', १९५१. सुरुवातच उपासनेने होते. १९१४ साल, जर्मन पूर्व आफ्रिकेतलं खेडं, कॅथरिन हेपबर्न घाम पुसत ऑर्गन वाजवते आहे, तिचा मिशनरी भाऊ जोरात गातोय, आणि समोरची मंडळी नुसता आवाज करते आहे. ना शब्द, ना सूर. गीत आहे 'गाइड मी, ओ दाउ ग्रेट जेहोवा', 'कूम रोंदा' या वेल्श चालीवर, वेल्समध्ये हजारोंच्या जमावाने गायचं गीत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती गीतं अभंगाच्या आणि ओवीच्या वळणावर का लिहिली, हे मला या तीन मिनिटांच्या प्रसंगातून जितकं नीट समजलं तितकं व्याख्यानांतून समजलं नव्हतं. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात परदेशी चालींशेजारी टिळकांची गीतं आहेत. हा प्रसंग पाहून मग दोन्ही प्रकारची एकेक गाऊन बघा. मंडळीचा आवाज कुठे मोकळा सुटतो ते लगेच कळेल.

तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या चित्रपटाचं नाव तुम्हाला आठवत नाहीये, आणि 'पावसात अंत्ययात्रा' एवढ्या वर्णनावरून मला ते सांगता येणार नाही. पुन्हा कधी तो लागला तर पहिल्या ओळीचे स्वर सरगममध्ये लिहून पाठवा, ठेका तीनचा की चारचा तेही लिहा, आणि धून गायलेली आहे की नुसती वाद्यांवर, हे कळवा. तेवढ्यावरून गीत बहुतेक सापडतं.